खिडकीखालची सूर्यफुलं

आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिनं लावलेली सूर्यफुलं खिडकीपर्यंत आली होती. तिची खाट मी खिडकीपाशीच लावली. मेहकरच्या शाळेत शिकवून मी जानेफळला परतायची, तोवर झाडांची पानं लोंबलेली असत. "पाणी टाक वं त्याइले, तहानले असतीन," आई खाटेवरून म्हणायची. मी पिशवी न ठेवताच बादली उचलायची.

पानं आणखीच लोंबली. दुपारच्या उन्हानं मान टाकलेली झाडं सकाळपर्यंत सावरतात. ही सकाळीसुद्धा तशीच होती. तेव्हा खुरप्यानं बुडाजवळ उकरून पाहिलं. वरची माती सुकलेली, खाली मात्र चिखल, आणि त्याला आंबूस वास. खिडकीलगतच्या आमच्या मोरीची नाली तुंबून आईच्या आंघोळीचं पाणीही तिथंच मुरत होतं.

रविवारी मी नाली साफ केली, पाणी वाहून जायला चर काढला आणि माती हलकेच मोकळी केली. भिंतीलगतची काही झाडं कुजली होती, ती उपटून टाकली. कंबर भरून आली होती.

"आता पाणी नाही टाकाचं?" आईनं विचारलं.

"नको. पाण्यानंच मरून राह्यले ते."

आठवडाभरात उरलेल्या झाडांची पानं ताठ झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती खाटेच्या कडेला टेकले. आई जरा सरकली, म्हणाली, "पड थोडी इथं. सैपाक होईन मंग."