रुळावरची काळी रेघ

गोखिवऱ्याला आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रेल्वेत आहेत. रूळ तपासणाऱ्या गाडीतले कॅमेरे फोटो काढतात, कॉम्प्युटर त्यातल्या संशयास्पद जागा दाखवतो आणि काका दिवसभर स्क्रीनला डोळे लावून त्या निरखतात. या नोकरीने माणूस कामातून गेलाय. आमच्याकडे चहाला आले, की कप उजेडात धरून तडा शोधतात आणि मग चहा गार म्हणून कुरकुरतात.

मध्यंतरी कॉम्प्युटरने रुळावर काळी रेघ दाखवली. साहेब म्हणाले, "कचरा असेल हो, सोडा." काकांनी ऐकलं नाही. येणारी गाडी आधीच्या स्टेशनात रोखायला लावली. त्याच गाडीने काकू भाच्याच्या साखरपुड्याला पालघरला निघाल्या होत्या. माणसं जाऊन बघून आली, तर रुळाला चिकटलेलं केळीचं वाळकं पान!

काकू पोचेपर्यंत अंगठ्या घालून झाल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा आवाज अख्ख्या बिल्डिंगने ऐकला.

"मी त्या गाडीत होते, माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"तरी थांबवलीत?"

"तू नसतीस तरी थांबवलीच असती."

काकूंनी धाडकन दार लावलं. मला मात्र हल्ली गाडीत बसल्याबरोबर झोप लागते.