आठ मजले आणि लिफ्टची किल्ली

एका शिक्क्यासाठी कचेरीत अख्खा दिवस घालवलेल्या वाचकांनो, ही सहल तुमच्यासाठी.

करमाळ्याहून सकाळची एसटी धरली. टेंभुर्णीपर्यंत हाडं खिळखिळी, पुढे महामार्ग गुळगुळीत. सोलापुरात उतरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, रिक्षा केली. विद्यापीठाच्या आठ मजली इमारतीवरून सगळं शहर दिसतं, असं ऐकलं होतं.

इमारत देखणी आहे. दर्शनी भाग काचेचा, लिफ्ट चकचकीत. लिफ्टच्या दारावर कागद: 'फक्त मान्यवरांसाठी'. समोर सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आप्पा आणि त्यांची लेक रेखा. तिच्या एका पायाला आधाराचा कॅलिपर. एम.ए.च्या प्रवेशासाठी कागद तपासायचे होते, आठव्या मजल्यावर, स्वतः हजर राहून. आज शेवटचा दिवस.

"किल्ली साहेबांच्या कपाटात हाय. साहेब दौऱ्यावर," शिपाई म्हणाला.

"सायेब तरी वर कसं जात्यात?" आप्पांनी विचारलं.

"ते कशाला जातील? त्यांचं हापिस हितंच, तळमजल्यावर."

म्हणजे ज्याला वर जायचंच नाही, त्याच्याकडे किल्ली. मान्यवर म्हणतात ते हेच.

आप्पा उकिडवे बसले. "बस मानंवर. कोकरू न्हेतो तशी न्हेतो."

"कोकरू एम.ए. करत न्हाय, आप्पा," म्हणत रेखाने जिन्याचा कठडा धरला.

मी तिची पिशवी घेतली. चौथ्या मजल्यावर ती पहिल्यांदा टेकली, ती 'सर्वांसाठी शिक्षण' अशा फलकाखाली. आठव्यावर कारकुनाने दोन मिनिटांत शिक्का मारला. त्या दोन मिनिटांसाठी त्याला खाली येता आलं नसतं?

"वर्गही याच मजल्यावर," तो म्हणाला.

"रोज?" रेखाने विचारलं.

"लई झालं, बाई," आप्पा म्हणाले. "वर्ग भरंस्तोवर लिफ्ट उघडली तर ये. न्हाय तर घर बरं."

शहर बघायला मी खिडकीपाशी गेलोच नाही. खाली आल्यावर रेखाने लिफ्टसाठी अर्ज लिहिला. आवक-जावकच्या खिडकीतल्या कारकुनाने तो परत केला. "एकटीसाठी लिफ्ट चालू करत नाहीत."

करमाळ्याला पोचेपर्यंत तो एकच शब्द डोक्यात होता. एकटी.

सोलापूरकरांनो, जुळे सोलापुरातून तिथं रिक्षा सहज मिळते. इमारत शोधावी लागणार नाही, आठही मजले रस्त्यावरून दिसतात. वर्ग महिन्याभरात सुरू होतील. त्याआधी एका ओळीचा अर्ज घेऊन जा: लिफ्ट विद्यार्थ्यांसाठी उघडा. तो त्याच खिडकीत द्या, आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.