तिघींतला खालचा आवाज

कल्याणी मेश्राम गाते, हे कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक होतं. नेमकं काय गाते, हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. तिघी मैत्रिणी मिळून रेगे, म्हणजे जमैकातली ठेक्याची गाणी, गायच्या. जमैकन घरातली डेनीस मुख्य चाल गायची, शेजारच्या मिल्टन गावातल्या डॉक्टरांची मुलगी कस्तुरी तिच्या वरच्या सुरात, आणि कल्याणी दोघींच्या खालच्या सुरात. हा खालचा आवाज काढून घेतला की गाणं पोकळ व्हायचं. एकटा ऐकला तर मात्र त्याला ना चाल ना चेहरा, दोन-तीन सुरांवर घोटाळणारं काहीतरी.

तिच्या बाबांनी, शंकररावांनी, तो एकदा एकटा ऐकला होता. विमानतळाजवळच्या गोदामात सुपरवायझर असलेला हा माणूस घरी पाहुणे आले असताना लेकीला म्हणाला, तुझं ते गाणं म्हण. तिने आपली ओळ म्हटली. "यात गाणं कुठंय, बेटा?" त्यांनी विचारलं. पाहुणे हसले, मग तेही हसले. मनात वाईट काही नव्हतं, पण तिला ते लागलं. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. बाबांनी एकदा तरी तिघींमधून तिचा आवाज ओळखावा.

२०१७च्या जानेवारीत बर्मिंगहॅमहून बोलावणं आलं. डेनीसचा मामा तिकडे रेगेचे कार्यक्रम भरवायचा. आधी एक गाणं रेकॉर्ड करून काढायचं, मग उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा. मामाने तिघींचे आवाज एकेकटे मागवले आणि ऐकून कळवलं की दोघी पक्क्या आहेत, तिसरी नुसती गुणगुणते, ती बदला. तीन वर्षं जिच्या आवाजावर टेकून गायल्या, तिच्यासाठी दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही की बाबा रे, ही ओळ अशीच असते. आठवड्याभरात त्यांनी प्रिया नावाची मुलगी शोधलीसुद्धा.

मग कस्तुरी घरी आली. दारात बूट काढले, कल्याणीच्या आईच्या, ललिताबाईंच्या, हातचे पोहे मागून घेऊन खाल्ले, आणि बेसमेंटमध्ये उतरून कल्याणीला सगळं सांगितलं. "नथिंग पर्सनल, कल्याणी. पण तुझा पार्ट प्रियाला जमत नाहीये. तू शिकवशील? तुझ्याइतका परफेक्ट कोणालाच येत नाही."

इतका गोड निर्लज्जपणा डॉक्टरांच्या घरात कोण शिकवतं, देव जाणे.

कल्याणी हो म्हणाली. का म्हणाली, याचा तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःचाच राग येत राहिला. तीन आठवडे ती प्रियाला बेसमेंटमध्ये शिकवत होती. श्वास कुठे चोरायचा, डेनीस वर चढली तरी आपण जागचं कसं हलायचं नाही, सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी तिने मुद्दाम एक सूर चुकीचा दिला. प्रियाने तो इमानेइतबारे उचलला. दोनदा ऐकल्यावर कल्याणीच्याच कानाला सोसेना. चुकलं माझं, असा घे, म्हणून तिने तो दुरुस्त करून दिला. एवढासा सूडही बिचारीला धड घेता आला नाही.

घरी तिने थाप मारली. रेकॉर्डिंगमध्ये मीच गायले, पण उन्हाळ्यात कोर्स आहे म्हणून दौऱ्याला दुसरी मुलगी जाईल. काढून टाकलं हे सांगायची तिला लाज वाटली.

मार्चअखेर गाणं इंटरनेटवर आलं. वर कुणाचा फोटो नव्हता, नुसतं समुद्राचं चित्र. शंकरराव कामावर जाता-येता गाडीत तेच लावायचे. पंधरा दिवस त्यांनी दुसरं काही ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. भाषणं आटोपल्यावर शंकररावांनी कुणालाही न विचारता माईक घेतला आणि फोन स्पीकरला जोडला. गाणं सुरू झालं. खालचा आवाज आला की ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "हा, हा बघा आमच्या कल्याणीचा." प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी वर गेलं. ते एकदाही चुकले नाहीत.

ललिताबाईंनी तीन वर्षं बेसमेंटमधला लेकीचा आवाज स्वयंपाकघराच्या फरशीखालून ऐकला होता. पहिल्या कडव्यालाच त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

गाणं संपलं. शंकररावांचे डोळे भरले होते. "तीन वर्षं मला हिचा आवाज सापडत नव्हता," ते माईकवर म्हणाले. "वाटायचं, बापाला लेकीचा आवाज कळू नये? पण दोष माझा नव्हता. आधी तो दबलेला असायचा. या गाण्यात आत्ता कुठे खुलला. हो ना, बेटा?"

सगळा हॉल तिच्याकडे वळला.

"हो, बाबा," कल्याणी म्हणाली.

टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात, म्हणून ती उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले.