पोळ्याच्या रांगेतली गाडी

तो बोट वर करायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बोलू नको. आवाज ऐक."

आमच्या छपाईच्या दुकानासमोर गाडी उभी करून तो इंजिन चालूच ठेवी. दुकान हादरे, शाई हले, गिऱ्हाईक खुणांनी बोले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःला ऐकू यावं म्हणून ती सगळ्या गावाला गप्प करतात.

त्याचे वडील रस्त्यांचे ठेकेदार. हैदराबादहून आणलेली जुनी जपानी स्पोर्ट्स कार त्याने पांढरकवड्याच्या शेडमध्ये वर्षभर खोलली आणि जोडली. मोठा टर्बो बसवला, सायलेन्सर काढून डब्याएवढा पाइप लावला, वर पोपटी रंग चढवला. गाडी इतकी खाली बसवली की वडिलांनीच बांधलेल्या रस्त्यावर तिचं पोट घासे. मग उपाय काढला. वडिलांच्या कामावरचे दोन मजूर पोपटी रंगाच्या फळ्या खांद्यावर घेऊन पुढे चालत. खड्डा आला की फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलून पुन्हा पुढे पळायचं. रस्ता दुरुस्त करायचं मात्र बापलेकांना कधी सुचलं नाही.

पोळ्याच्या आधी तो दुकानात आला.

"बॅनर पाहिजे. बैलजोडी अन् माही गाडी, बाजूबाजूले. मजकूर तू लिही."

"बैलानं काय केलं तुझं?"

"चारशे घोड्यांची ताकद हाय. रांगेत काहून नाही राहू?"

मी नाही म्हणालो. त्याने बॅनर यवतमाळहून छापून आणला.

आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे असतात ते. याने लोणी बोनेटला चोळलं आणि व्हिडिओ काढला. कोणी हटकलं नाही, कारण उत्तम जोडीचं बक्षीस त्याच्याकडून होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी झूल पांघरून तोरणाखाली उभी. शेजारी सोनबाकाकांची जोडी. काकांची कोरडवाहू जमीन, दुसरं जनावर नाही.

"घोडे चारशे," काका म्हणाले, "शेण उचलाले कोणी ठेवला का बापू?"

लोक हसले. त्याला ते लागलं.

"काका, बोलू नका. आवाज ऐका."

"बैलं बुजतीन बापू. राहू दे."

त्याने ॲक्सिलरेटर दाबून सोडला. पाइपातून जाळ निघाला, बार उडाला. रांग फुटली. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. काकांच्या जोडीतला पवळ्या दोर तोडून नालीत गेला आणि पुढचा पाय मोडून बसला. आणि आपली माणसं, सांगायलाही किळस येते, फोन वर करून उभी होती.

तो धावत आला. "काका, दुसरा घेऊन देतो. याच्याहून चांगला."

काका पवळ्याच्या शिंगांचा बेगड सोडवत होते.

"गाडी बंद करू का?" त्याने विचारलं. ती अजून घुरघुरत होती.

"राहू दे चालू. आता हा नाही बुजत."

त्याने जाऊन गाडी बंद केली. परत येऊन नालीत उतरला, अंगातलं महागडं जॅकेट काढलं आणि पवळ्याच्या मानेखाली सारलं. ते नीट जमेना, तरी सारत राहिला. मग पवळ्याच्या श्वासाजवळ बसून राहिला. बोट वर न करता काही ऐकताना मी त्याला तेवढंच पाहिलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याने पवळ्या उठला नाही.

त्याने दुसरा बैल पाठवला होता. काकांनी दारातूनच परत धाडला. पुढे तो नागपूरला गेला. गाडी कोणी तरी ट्रकवर घालून नेली. फळ्या शेडबाहेर पडून होत्या.

यंदाच्या पोळ्याला काका जोडीतला उरलेला बैल घेऊन निघाले. गोठ्यासमोरच्या नालीवर त्याच पोपटी फळ्या टाकलेल्या होत्या. बैल त्यांच्यावरून सावकाश उतरला, आणि सवयीने उजव्या बाजूला जोडीदारापुरती जागा सोडून चालू लागला.