उसातली वाघीण आणि माझी आठ पानं

मागच्या वेळी मी रचलेल्या खेळात बायको सोफ्यावर चक्क घोरली आणि मेहुणा मोबाइलवर मॅच बघत बसला. त्यामुळे या वेळी मी शब्दच देऊन बसलो होतो, हाही खेळ फसला तर फासे माळ्यावर, पुन्हा नाव काढणार नाही. खेळ तसा सोपा. गोष्ट मी सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं.

तीन महिने ऑफिसातून आलो की मी त्यालाच जुंपलेला. निफाडकडचं एक गाव, विहिरीत सांडलेलं कसलंसं औषध, आणि ते पाणी पिऊन भलतीच होऊन बसलेली जनावरं. मेहुणा झाला उडणारं मुंगूस. बायकोनं चिचुंद्री घेतली, वासानंच माणूस आडवा करणारी. त्या रविवारी निफाडहून सासरे आले होते, तेही हौसेनं बसले.

"मला बैल करा जावईबापू, पण बोलता येणारा. लय वर्षं नुसतं ऐकून घेतलंय त्यानं."

शेवट माझा जबरदस्त होता. ऊसतोड चालू असताना ट्रॅक्टरएवढी वाघीण बाहेर पडणार. निफाडकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. तिच्याशी लढाईची आठ पानं लिहून तयार होती. आणि उगाच शोभेला म्हणून मी उसात तिची दोन पिल्लं ठेवली. तिथंच माती खाल्ली!

"पिल्लं हायेत?" सासरे ताठ बसले. "मग तोड बंद. क्रेटात घालून जागेवरच ठेवा आणि सगळे लांब व्हा. आई येऊन नेते."

"अहो मामा, आता लढाई आहे!"

"लेकुरवाळीशी कसली लढाई? आमच्याकडं असंच करतात."

मुंगूस आणि चिचुंद्री लगेच बैलाच्या बाजूला. माझ्या खेळात नुसतं वाट बघायचा नियमच नव्हता. चिडून म्हणालो, "टाका फासा. सहा पडले तर आली." दोन पडले. मग चार. मग एक. मेहुण्याचा मोबाइल वाजला, त्यानं तो न बघताच उपडा ठेवला. पुढच्याला सहा! बायकोनं अशी किंकाळी मारली की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

"गप बसा," सासरे कुजबुजले. "दुसरं राहिलंय. ती एका टायमाला एकच नेते."

गॅसवरचा चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी जागचं हललं नाही. तीन. पाच. दोन. मग सासऱ्यांनी फासा माझ्या हातात दिला. "तुम्ही टाका, वाघीण तुमची हाय."

मी फासा दोन्ही हातांत खुळखुळवून टाकला. पडले सहा. सगळ्यांत मोठ्यांदा ओरडलो तो मीच.