आईसाठी जीपला पायरी

बाबांनी जीप घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी, आणि ती दारात आली त्याच दिवशी कळलं की आईच्या गुडघ्यांना जीपमध्ये चढताच येत नाही.

आमच्या घरातले सगळे बेत असेच व्हायचे. आधी वस्तू यायची, विचार मागून यायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही मुलुंडला राहायचो, बाबा नुकते कचेरीतून निवृत्त झाले होते आणि कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप उचलली. हिरवी, ताडपत्रीच्या छपराची, दारं नावालाही नाहीत, पण चारही चाकं ओढणारी. सोसायटीच्या आवारात ती उभी राहिली तेव्हा मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि ऑफिसला जायचं विसरले. घाटकोपरच्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते. गाडी चालवायचं लायसन्स घरात फक्त माझ्याकडे होतं, त्यामुळे जीप बाबांची असली तरी ती माझीच आहे हे मी मनाशी ठरवूनच टाकलं.

जीप लागण्याचं कारण आईचं माहेर. मालवणच्या अलीकडे एसटी सोडायची, मग लाल मातीचा डोंगर उतरायचा, व्हाळ म्हणजे ओढा ओलांडायचा आणि पलीकडे परत चढायचं. व्हाळाला पूल नव्हता. गुडघे गेल्यापासून आई गणपतीला माहेरी गेली नव्हती. माहेरच्या घरात तिचा थोरला भाऊ होता, माझा मामा. त्याचेही पाय गेले होते, काठी घेऊन अंगणापर्यंत यायचा तेवढंच. भाऊ व्हाळाच्या त्या बाजूला, बहीण मुंबईत, आणि दोघं येणाऱ्याजाणाऱ्याकडून एकमेकांची खुशाली विचारायची. "यंदा तुला अंगणात नेऊन उतरवतो," असं बाबांनी आईला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी आईने मामाच्या आवडीच्या लाडवांसाठी डाळ दळून आणली.

आणि आता ती जीपशेजारी उभी राहून वर बघत होती. जीपची बैठक तिच्या कमरेच्या वर. मी हात दिला, बाबांनी मागून आधार दिला, खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. आई म्हणाली, "पुरे. मी काय गोणी आहे?" आणि घरात गेली.

"मी पायरी बसवते," मी बाबांना म्हटलं. मी तोवर आयुष्यात सायकलची चेन बसवली होती, तीही उलटी.

पण त्या दिवसांत मला काहीही अवघड वाटत नसे. आग्रा रोडवर ट्रक उभे असायचे, त्यांच्या केबिनखाली पाय ठेवायला लोखंडी रिकीब असते तसं काहीतरी करायचं, एवढंच. वेल्डिंगवाल्याकडून मी ती रिकीब करून आणली आणि रविवारी बाबांचा जुना पायजमा चढवून जीपखाली सरपटत गेले. वरून लष्कराच्या काळची माती डोळ्यांत पडली. काकू वरून म्हणाल्या, "अगं, मुलीची जात, हात बघ कसे झालेत."

"काकू, धुतले की जातात ना," मी खालून सांगितलं.

लोखंडाला भोक पाडणं ही काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. हाताने फिरवायचं ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलं होतं. टोक लावलं की सटकायचं, लावलं की सटकायचं, जीपखालच्या लोखंडी चॅसीवर नुसत्या रेघोट्या. मग बाबांनी खिळा ठेवून हातोडीने एक बारीक खड्डा पाडला, आणि त्या खड्ड्यात टोक असं बसलं की मी ओरडलेच. बाबा आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन उकिडवे बसले आणि थेंब थेंब सोडत राहिले. मी फिरवत राहिले. काही वेळाने लोखंडाची चकचकीत गुंडाळी वर आली, चकली पाडताना येते तशी. त्या वेळचा आनंद मी कुठल्या प्रमोशनलाही अनुभवला नाही. ड्रिल आरपार गेलं तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बघा बघा, उजेड दिसतोय."

उजेड दिसला, पण बोल्ट जाईना. ड्रिलचं टोक इंचांतलं आणि मी बोल्ट आणले होते मिलिमीटरचे. तेव्हा कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. तिथे इंच म्हणत नाहीत, सूत म्हणतात. इंचाचे आठ सूत. "चार सुती द्या," असं मी मोठ्या ऐटीत म्हणून बोल्ट घेतले आणि घरी येईपर्यंत पिशवीत हात घालून चाचपत बसले.

रिकीब बसली. मी तिच्यावर उभी राहिले, नाचले, बाबांना नाचवलं. हलेना. झकास. आईला हाक मारली.

आई चांगलं लुगडं नेसून, कुंकू ठीक करून, माहेरी न्यायची पिशवीसुद्धा भरून खाली आली. आता सगळी सोसायटी खिडक्यांत. तिने उजवा पाय रिकिबीवर ठेवला, दांडी धरली, वर आली आणि तिथेच थांबली. रिकिबीवर एकच पाय मावत होता. डावा पाय आता थेट जीपच्या आत टाकायला हवा होता, आणि तिचा डावा गुडघा तेवढा वाकेना. ती खाली उतरली.

"डावा पाय आधी ठेव ना," मी म्हटलं. "मग उजवा सरळ आत जाईल."

"माहेरच्या वाटेला डावा पाय पहिला? माझ्याने नाही व्हायचं."

"अगं, देव काय खाली येऊन तुझे पाय मोजणार आहे? एवढं सगळं केलं मी—"

"केलंस ना? मग तुम्ही दोघं जा. मी नाही येत." आणि ती वळली. बाबांनी मला हातानेच थांबवलं.

मी रागावले होते, खरंच रागावले होते. पण तिच्या हातातली पिशवी जड होती म्हणून मागोमाग जिना चढायला लागले, आणि ती हळू चढत असल्यामुळे मला तिच्या पायांकडे बघण्याखेरीज दुसरं कामच उरलं नाही. उजवा पाय वर. मग डावा त्याच पायरीवर, उजव्याच्या शेजारी. थांबायचं. परत उजवा. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय ठेवत होती. किती वर्षं ती तशी चढत होती कोण जाणे. मी रोज तो जिना दोन दोन पायऱ्या गाळून चढायचे आणि तिला कधी पाहिलंच नव्हतं. उजवा पाय आधी ही रीत होतीच, पण तिच्या बाबतीत तो वर उचलून नेणारा एकमेव पायही होता. मला रडू आलं आणि त्याच वेळी डोक्यात फळी दिसायला लागली. लांब, रुंद, दोन्ही पाय शेजारी ठेवता येतील अशी, आणि रिकिबीपेक्षा खाली.

"आई, मला आठवडा दे," मी जिन्यातूनच म्हटलं.

"आधी पिशवी आत ठेव," ती म्हणाली.

खालची फळी म्हणजे नवीन घोळ. जीप उंच असते ती उगाच नाही, दगडधोंड्यांवरून पोट न घासता जायला हवी म्हणून. तिला खाली लोंबती फळी लावली तर व्हाळातल्या पहिल्याच धोंड्यावर वाट लागली असती. म्हणजे फळी चढताना खाली आणि चालताना वर हवी. मी दाराच्या बिजागऱ्या लावून पाहिल्या, त्या माझ्याच वजनाने वाकल्या. परत कुर्ला. या वेळी ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या जाड बिजागऱ्या मिळाल्या, उचलताना हात दुखावा अशा. फळीच्या कडेला दोर बांधला. बैठकीवर बसून ओढला की फळी वर उचलली जायची आणि दोर खुंटीला अडकवला की तिथेच राहायची. असं काही कुठे पाहिलं नव्हतं. हे डोकं आपलं आहे या विचाराने मला दोन दिवस झोप आली नाही.

पवईला तलावाच्या बाजूच्या खडबडीत रस्त्यावर मी बाबांना घेऊन चाचणीला निघाले. चारही चाकं ओढायला लावली, चढ चढला, मी गायला लागले, आणि मागून मोठा खडखडाट. रस्त्याकडेचा एक माणूस ओरडला, "ओ ताई, तुमची गाडी सांडतेय." फळी एका बोल्टावर लटकून फरफटत होती. बाकीचे नट वाटेत पडले होते. स्प्रिंग वॉशर नावाची कापलेली चकती नटाखाली घालायची असते, धक्क्यांनी नट सैल होऊ नये म्हणून, हे मला ठाऊक होतं. ती पुडी घरी खिडकीत होती. बाबा शांतपणे उतरले आणि आम्ही दोघं खाली वाकून नट शोधत मागे चालत गेलो. त्यांना हसू येत होतं पण त्यांनी ते आवरलं, म्हणून मीच आधी हसले.

वॉशर घालून नट आवळले आणि दुसऱ्यांदा आईला बोलावलं तेव्हा ती घरातल्या साडीतच आली. कुंकू ठीक केलं नव्हतं. उजवा पाय फळीवर. डावा त्याच्या शेजारी. थांबली, श्वास घेतला. परत उजवा, आत. आणि बसली. कुणाचा हात नाही, धक्का नाही. मी काही बोलणार तोच तिने वाकून दोर ओढला, फळी वर घेतली आणि समोर बघत म्हणाली, "चल, चेकनाक्यापर्यंत तरी फिरव." बाबा खालीच राहिले. आम्ही गेलो ते ठाण्यापर्यंत गेलो. परत आल्यावरही ती उतरेना. काकूंना म्हणाली, "वरून बरं दिसतं सगळं."

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही व्हाळाशी पोचलो. पाणी तांबडं, वेगाचं. मी पुढची चाकंही ओढायला लावणारा दांडा ओढला, बाबांनी मागे बसून गणपतीचं नाव घेतलं, आई म्हणाली, "फळी वर हा, तू फुडे बघ." घाबरली की ती मालवणीत शिरायची. पण या वेळी ती घाबरली नव्हती, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. आणि मला तर काय, पाण्यातून नाक वर काढून जीप पलीकडच्या चढाला लागली तेव्हा जग जिंकल्यासारखं झालं होतं.

मामा अंगणात काठी टेकून उभा होता. आईने दोर सोडला, फळी खाली टाकली आणि उतरली.

"इलंस?" मामा म्हणाला.

"इलंय," आई म्हणाली.

एवढंच. मामा तिच्याकडे बघेना, ती त्याच्याकडे बघेना. शेवटी मामा जीपजवळ आला, काठीने फळी ठोकून पाहिली. "ह्या कोणी केल्यान?" आईने माझ्याकडे बोट केलं. मी लाडवांचा डबा काढायला मागे वळले, आणि परत पाहते तर आई त्याला सांगत होती, "तो नाय, उजवो आधी. आता डावो हयसरच ठेव. घाई करू नको."

मामा बसला. त्याला जागा करून ती त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसली. मी विचारलं, "आत्ताच आलो ना? कुठे?"

"दर्यार," आई म्हणाली. "ह्याने कितकी वर्सां दर्या बघूक नाय."

मी गाडी सुरू केली. मामाने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली. "गो, हळू चलव," तो मला म्हणाला.

"हळू कित्याक?" आई म्हणाली. "जोरात जांव दे."