महादेवाच्या डोंगरासाठी बांधलेली शिदोरी

भिलाईत उंच म्हणजे पोलाद कारखान्याच्या चिमण्या आणि पाण्याची टाकी. चढण्याचा माझा अनुभव दुर्ग स्टेशनच्या पुलापुरता. तरी आई गेल्यानंतरच्या पहिल्याच महाशिवरात्रीला बाबांनी पचमढीला जायचं काढलं, तेव्हा डोंगरावर काय खायचं ते मी ठरवणार, असं मी जाहीर करून टाकलं. कॉलेजात होते. आईचं स्वयंपाकघर नुकतंच माझ्या ताब्यात आलं होतं, आणि ताब्यासोबत अक्कलही येते असा माझा समज होता.

जायचं कारण आईचंच. बाबा प्लांटमध्ये भाजले तेव्हा तिनं पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला त्रिशूल वाहायचा नवस बोलला होता. बाबा बरे झाले; पण रजा, परीक्षा, पाहुणे यांत नवस मागे पडत गेला, आणि मग तीच गेली. नवस राहिला म्हणून ती गेली, असं बाबांच्या मनानं घेतलं होतं. मला बोलले नाहीत. मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला, तेवढं म्हणाले. ते आणि आई तिला बाई म्हणत.

शिदोरीला अटी दोन: शिवरात्रीचा उपास आणि बाबांची शुगर. आत्या नागपूरहून खास आली होती. ती ओट्याजवळ पाट टाकून बसली.

"साबुदाणा वडे?"

"तेलकट. अर्ध्या डोंगरात पाणी पाणी करशीन."

"ग्लुकोजची बिस्किटं?"

"मैदा आहे न त्यात! उपास करून राहिली का पिकनिक?"

राजगिऱ्याचे लाडू, खजूर चालले असते. ते मीच बाद केले. डॉक्टरांनी बाबांचं गोड बंद केलं होतं, आणि साखरेचा डबा मी वरच्या फळीवर, आत विंचू असल्यासारखा ठेवला होता. शेवटी शिंगाड्याच्या पुऱ्या, उकडलेले बटाटे, सैंधव लावलेले शेंगदाणे, काकडी. त्यासाठी सिविक सेंटरच्या बाजारातून नवा डबा आणला. पिशवीत गोडाचा कणही नव्हता. मला माझंच कौतुक वाटलं.

शिवरात्रीच्या सकाळी पायथ्याशी बाबांनी सवयीनं शुगरची गोळी घेतली. मी डबा उघडला, तर म्हणाले, "वर जाऊन. आधी तिचा त्रिशूल." मी डबा बंद केला. त्रिशूल खांद्यावर घेऊन ते निघाले. सगळी गर्दी महादेवाचा गजर करत होती, बाबा फक्त चढत होते.

अर्ध्या चढावर ते एका पायरीवर बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. मी शेंगदाणे दिले, ते बोटांतून सांडले.

"मले काही दिसून नाही राहिलं," ते म्हणाले.

आत्याच्या मालकांनाही शुगर होती. तिनं हे पाहिलेलं होतं. "अवं, शुगर उतरली याची! गोड काढ काही!"

मी पिशवी उलटी केली. माझी ती हुशार पिशवी.

आत्यानं वरून उतरणाऱ्या एका बाईपुढे पदर पसरला. प्रसादाचे मूठभर साखरदाणे मिळाले. बाबांनी तोंड फिरवलं.

"त्रिशूल वाहिल्याबिगर प्रसाद नाही खात मी, बाई. आधीच उशीर झाला."

आत्या त्यांच्यासमोर उकिडवी बसली. एरवी हुकूम सोडणारा तिचा आवाज खाली आला. "तिनं नवस कायचा बोलला होता? तू जगावा म्हणून. त्रिशुलाचं काय, लोखंड आहे ते, तुमच्या भिलाईत ढिगानं पडलं आहे. तू इथं मेला तर ती मले विचारन, एवढं खाऊ नाही घातलं का, बाई?"

बाबांनी तोंड उघडलं. लहान पोराला भरवावं तसे तिनं दाणे घातले. आई गेल्यावर बाबांना रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या पायरीवर, तोंडात साखर असताना, ते रडले. माणसं दोन्ही बाजूंनी वर जात राहिली.

बऱ्याच वेळानं घाम थांबला. मग त्यांनी आपणहून हात पुढे केला. "पुऱ्या दे."

पुऱ्या खाल्ल्या, बटाटा खाल्ला. "मीठ जास्त झालं," म्हणाले. इतक्या महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला त्यांनी पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. मी आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

उरलेला चढ त्रिशूल आम्ही तिघांनी आळीपाळीनं नेला. मी दमले की बाबा थांबत. त्यांनी घाई केली नाही.